सासऱ्यांच्या फोनवर सोनेतारणाची जाहिरात कशी पोचली

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मिस्टरांच्या धंद्यात अडचण आली म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी माझ्या फोनवर सोनेतारण कर्जाची माहिती बघितली. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी, उघडूनच बघितली. एका ठिकाणी आजचा दर दाखवायला मोबाईल नंबर मागितला, तो दिला. तिसऱ्या दिवशी सासरे फोनवर यूट्यूब लावून कीर्तन ऐकत बसले होते, त्यात त्याच कंपनीची जाहिरात आली. 'ह्या गहाणवटीच्या जाहिराती मला कशाला येऊलालेत गं?' असं त्यांनी मलाच विचारलं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. घरात सगळ्यांना एकच वायफाय आहे. हे कसं झालं? आणि परत होऊ नये म्हणून काय करू?"

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. पूर्वी बाई पदराखाली दागिना झाकून सराफाकडे जायची, आणि तो सराफ संध्याकाळी तिच्या सासऱ्यांच्या ओसरीवर जाऊन ती गोष्ट बोलत नसे. तेवढा विश्वास त्या व्यवहारात धरलेला होता. घरातली अडचण कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत सांगायची हे तुम्ही ठरवायचं होतं. ते ठरवणं तुमच्या हातातून काढून घेतलं गेलं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी बेळगावात गेली वीसेक वर्षं शाळा, पतसंस्था, छापखाने आणि दवाखान्यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. असा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुधा आवाज खाली करूनच बोलतात.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी तुम्हाला उलट एकच विचारलं होतं: सासऱ्यांच्या फोनमध्ये गूगलचं खातं कुणाचं आहे? तुम्ही कळवलंत की फोन नवीन घेतला तेव्हा दुकानदाराने मागितलं म्हणून तुमचंच जीमेल घातलं होतं, आणि ते खातं तुमच्याच मोबाईल नंबरवर काढलेलं आहे. सगळी गाठ इथेच आहे. आपल्या भागात हे घरोघर दिसतं. आजोबांच्या फोनमध्ये सुनेचं खातं, टीव्हीवर नातवाचं, शाळेच्या टॅबमध्ये वडिलांचं. फोन चार हातांत असले तरी गूगलच्या लेखी तो माणूस एकच.

आता तुमचा नंबर कुठून कुठे जाऊ शकतो ते बघा. तुम्ही तो दर बघायच्या फॉर्ममध्ये लिहिलात. अशा कंपन्या जमलेल्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवतात, आणि "या लोकांना आमची जाहिरात दाखवा" म्हणतात. गूगल आणि फेसबुक दोघांकडेही ही सोय उघडपणे उपलब्ध आहे. यादीतला नंबर जसाच्या तसा जात नाही, त्याचं एका गणिती सूत्राने न ओळखता येणारं रूप केलं जातं. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण तोच नंबर त्याच सूत्रातून काढला की दर वेळी तेच रूप निघतं, म्हणून पलीकडे असलेल्या खात्याशी जुळणी होतेच. जुळलेलं खातं तुमचं, आणि ते खातं त्या क्षणी गूगलच्याच यूट्यूबवर कीर्तन ऐकत बसलेलं. इन्कॉग्निटो या वाटेवर कुठे आडवं येणारच नव्हतं, कारण नंबर तुम्ही स्वतःच्या हाताने दिला होता.

दुसरी वाट वायफायची. घरातले सगळे फोन एका राउटरमधून बाहेर पडतात, तेव्हा बाहेरच्या वेबसाईटला त्या सगळ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घर क्रमांक, सहसा एकच दिसतो. एका पत्त्यावरून कर्जाची चौकशी झाली की त्या पत्त्यावरची सगळी उपकरणं एकाच घरातली धरून जाहिरात दाखवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना तुमचं नाव कळलेलं नसतं. त्यांना घर कळलेलं असतं, आणि आपल्याकडे घर कळलं की माणूस कळायला कितीसा वेळ लागतो? म्हणून असं नाजूक काही बघायचं असेल तेव्हा वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर बघा. मोबाईल कंपनीच्या जाळ्यात तुमचा पत्ता घरच्या राउटरशी जोडलेला नसतो. हा उपाय फुकट आहे आणि दोन सेकंदांत होतो.

लोक समजतात की आयपी पत्त्यावरून आपली गल्लीसुद्धा कळते. तसं नाही. बेळगावात बसून मी बघतो तेव्हा वेबसाईट मला कधी बंगळूरचा समजतात, कधी हुबळीचा. निपाणीकडच्या लोकांचा फोन कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि जाहिराती कन्नडच्या मराठी होतात. नेमकी जागा कळते ती लोकेशनची परवानगी दिल्याने. हवामान बघायला, बसची वेळ बघायला म्हणून आपण एकदा "अलाऊ" दाबतो आणि ती परवानगी तशीच राहते. ती काढून टाका. हवामानासाठी गावाचं नाव टाइप केलं तरी पुरतं.

आता इन्कॉग्निटोबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की फोनमधली हिस्टरी आणि कुकी पुसल्या जातात. ती तुमच्या हातातला फोन घेऊन बघणाऱ्यापासून तुम्हाला झाकते, आणि तेवढ्यापुरती ती खरोखर उपयोगी आहे. सरकारी कामांच्या ग्राम वन केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडायची वेळ आली तर तीच खिडकी उघडा. पण समोरची वेबसाईट, तुमची इंटरनेट कंपनी आणि वेबसाईटमध्ये बसवलेली मोजणी यांच्यापासून ती झाकत नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० मध्ये गूगलवर सामूहिक दावा झाला होता, आणि २०२४ मधल्या तडजोडीत गूगलने कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही त्या सुमारास बदलली. आता ती नीट वाचली तर त्यात हे सगळं लिहिलेलं आहे.

त्याहून धक्कादायक गोष्ट २०२५ च्या जून महिन्यात उघड झाली. युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अँड्रॉइड फोनमधली फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप मागच्या मागे फोनच्या आतल्याच एका दारावर कान लावून बसत, आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबसाईटमधला फेसबुकचा कोड त्या दारातून त्यांना ओळख पोचवत असे. इन्कॉग्निटो असलं तरी. बातमी फुटली त्याच दिवशी मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, ते थांबवलं. मी तेव्हापासून फोनमध्ये फेसबुकचं ॲप ठेवत नाही, ब्राउझरमधूनच उघडतो आणि काम झालं की बाहेर पडतो. ज्यांना जमेल त्यांनी हे करावं.

माझ्या कामातून मला उमगलेली गोष्ट अशी आहे. आपण काय बघितलं ते लपवायच्या मागे लोक लागतात, आणि दमून सोडून देतात. खरं नुकसान एखादी गोष्ट दिसल्याने होत नाही, ती तुमच्या बाकीच्या आयुष्याला जोडली गेल्याने होतं. रात्रीची चौकशी, दिवसाचं खातं, घराचं वायफाय आणि सासऱ्यांचा फोन हे चार तुकडे सुटे राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. तेव्हा हे तुकडे जोडणारे धागे कोणते, ते ओळखायचं आणि एकेक तोडायचा. सगळ्यात जाड धागा मोबाईल नंबरचा आणि खात्याचा. त्याखालोखाल कुकीचा. मग ब्राउझरच्या ठशाचा.

कुकी म्हणजे वेबसाईटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ती काढली, ती दुकानाच्या वेबसाईटला गिऱ्हाईकाने पिशवीत काय टाकलंय ते लक्षात राहावं म्हणून. त्यात वाईट काही नाही, तिच्याशिवाय लॉगिन चालत नाही. बिघडतं ते तिऱ्हाइताच्या कुकीने. सौंदत्तीच्या जत्रेत शंभर दुकानं मांडलेली असावीत, बांगड्यांचं वेगळं, भांड्यांचं वेगळं, औषधी मुळ्यांचं वेगळं; पण प्रत्येक दुकानाच्या पडद्यामागे एकच माणूस वही घेऊन बसलेला असावा, आणि तुमच्या पिशवीतली त्याची चिठ्ठी बघून त्याने दर ठिकाणी तुमच्याच पानावर नोंद करावी, तसं ते आहे. दुकानदाराला फक्त त्याच्या दुकानातलं ठाऊक असतं. वहीवाल्याला अख्खी जत्रा ठाऊक असते.

ती वही मी दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची वेबसाईट मी बांधून दिली. "किती लोक येतात ते कळायला पाहिजे" असं संचालकांनी सांगितलं, म्हणून फुकट मिळणारा मोजणीचा कोड मी माझ्या हाताने त्यात चिकटवला. आठवड्याने पॅनेल उघडलं. आकडा बघायचा सोडून मी वाचतच बसलो. फोन कुठल्या कंपनीचा, भाषा मराठी, शहर कुठलं, रात्री किती वाजता आला, कर्जाच्या पानावर किती वेळ थांबला, व्याजदराचं पान तीनदा उघडून परत गेला. नाव कुठेच नव्हतं. पण आमच्या त्या संस्थेचे सभासद होते किती, आणि रात्री एक वाजता कर्जाचं पान उघडणारे त्यात असणार किती? मला तर एक चेहरा डोळ्यांसमोर आलाच. आणि हे सगळं आमच्याकडे दिसत होतं म्हणजे तो कोड ज्यांचा होता त्यांच्याकडे याच्या कितीतरी पट होतं, कारण तोच कोड हजारो दुसऱ्या वेबसाईटवरही होता. मी तो काढून टाकला आणि सर्व्हरच्या साध्या नोंदीवरून आकडा काढून द्यायला लागलो. तेव्हापासून मी कुणालाही वेबसाईट बांधून देताना हे आधी बोलून घेतो. सीमाभागात शेकडो सोसायट्या, शाळा आणि दवाखाने आहेत, त्यांच्या वेबसाईट बांधणारे आपल्यातलेच आहेत. त्यांनी कर्जाच्या आणि आजाराच्या पानांवर तरी असे तुकडे बसवू नयेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तिऱ्हाइताची कुकी बंद करणं सोपं आहे, आणि निम्मं काम ब्राउझर निवडण्यातच होतं. ॲपलच्या सफारीने अशा कुकी मार्च २०२० पासून पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक वेबसाईटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे वहीवाल्याची चिठ्ठी एका दुकानातून दुसऱ्यात वाचताच येत नाही. क्रोमने २०२० मध्ये "आम्हीही बंद करू" असं जाहीर केलं, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. साध्या खिडकीत क्रोम आजही त्या चालू ठेवतं, इन्कॉग्निटोत मात्र अडवतं. क्रोमच वापरायचं असेल तर सेटिंग्जमध्ये "थर्ड-पार्टी कुकीज" शोधा आणि ब्लॉक करा. बँकेची एखादी वेबसाईट अडलीच तर तेवढ्यापुरती सूट देता येते.

माझा स्पष्ट सल्ला मात्र अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेण्याचा आहे. कारण एकच: फोनवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन ही जाहिराती अडवणारी जोडणी (एक्स्टेन्शन) बसवता येते. ते फुकट आहे, त्यात स्वतःच्या जाहिराती नाहीत, आणि वहीवाल्याचा कोड ते उतरवूनच घेत नाही. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये असली एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्येही २०२५ पासून यूब्लॉक ओरिजिन बंद पडलं, त्याची हलकी आवृत्ती तेवढी चालते. ज्यांना काही बसवायची कटकट नको त्यांनी ब्रेव्ह हा ब्राउझर घ्यावा, त्यात अडवण्याची सोय आतच आहे. आमच्याकडे डेटा संपायला आला की पानं उघडत नाहीत अशी तक्रार असते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसते तिथे तर यूब्लॉक बसवल्याचा फरक त्याच दिवशी कळतो, कारण बातमी उतरते आणि तिच्याभोवतीचा पसारा उतरत नाही. जुन्या फोनमध्ये यूसी ब्राउझर अजून दिसतो. सरकारने २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता. दिसला की काढून टाका.

तिसरा धागा ठशाचा, आणि इथे आपल्या सीमाभागाची एक खास गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या कुणी सांगितलेली मी ऐकली नाही. कुकी नसली तरी वेबसाईट ब्राउझरला बरंच काही विचारू शकते: पडदा किती मोठा, घड्याळ कुठल्या देशाचं, भाषा कुठल्या आणि कुठल्या क्रमाने, चित्र काढायला सांगितलं तर ते नेमकं कसं उमटतं, फॉन्ट कोणते आहेत. एकेक उत्तर हजारोंचं सारखं असतं. सगळी एकत्र केली की माणूस गर्दीतून वेगळा पडतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये चार लाख सत्तर हजारांच्या आसपास ब्राउझर तपासले, त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीच जुळला नाही. ती चाचणी आजही "कव्हर युअर ट्रॅक्स" या नावाने उपलब्ध आहे, कुणीही स्वतःच्या फोनवर करून बघावी.

एकदा मी ती शहरातल्या एका डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर केली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, जत्रेचे फलक, ग्रामपंचायतीचे अर्ज, अशी सगळी कामं त्याच्याकडे होतात. त्याच्या मशीनमध्ये मराठीसाठी श्रीलिपीचे फॉन्ट होते आणि सरकारी कन्नड कामासाठी नुडीचे. वर बरहा हे भारतीय भाषा टाइप करायचं सॉफ्टवेअर होतं. वेबसाईटला फॉन्टची यादी कुणी देत नाही, ती पडद्याआड एक शब्द प्रत्येक फॉन्टमध्ये लिहून त्याची रुंदी मोजते. रुंदी बदलली म्हणजे फॉन्ट आहे. आता विचार करा, श्रीलिपी आणि नुडी एकाच कॉम्प्युटरवर जगात कुठे सापडणार? बेळगावात, निपाणीत, खानापुरात, भालकीत, फार तर कारवारकडे. चाचणीचा निकाल अर्थातच "तुमचा ठसा एकमेव आहे" असा आला. त्याने कुकी पुसल्या असत्या, इन्कॉग्निटो उघडलं असतं, तरी ठसा तोच राहिला असता.

भाषांचंही तसंच. फोनमध्ये मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी असा क्रम लावलेला असतो, आणि ब्राउझर तो क्रम वेबसाईटला सांगू शकतो. नुसतं इंग्रजी ठेवणाऱ्यांची गर्दी अफाट. मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी ठेवणारे आपणच. तज्ज्ञ म्हणवणारे लोक यावर "ब्राउझरची भाषा इंग्रजी करा" असं सांगतात. मी ते सांगणार नाही. दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या वर्गापर्यंत जी भाषा टिकावी म्हणून इथल्या माणसांनी एवढ्या खस्ता खाल्ल्या, ती फोनमधून आपल्याच हाताने काढायची आणि त्याला खबरदारी म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय मराठी वापरणारे जेवढे वाढतील तेवढी ती गर्दी मोठी होईल. उपाय ब्राउझरकडे मागावा. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग प्रोटेक्शन "स्ट्रिक्ट" केलं की तुम्ही स्वतः बसवलेले फॉन्ट वेबसाईटला दिसत नाहीत, मूळ सिस्टीमचे तेवढे दिसतात. सफारीतही तसंच आहे. त्या डीटीपीवाल्याला मी एवढंच करून दिलं: काम क्रोमवर, बाकीचं सगळं स्ट्रिक्ट केलेल्या फायरफॉक्सवर. टोर ब्राउझर याच्याही पुढे जातो, सगळ्यांना एकसारखं दाखवतो, पण तो सावकाश चालतो आणि रोजच्या कामाला जड पडतो. पत्रकार किंवा वकील असाल तर शिकून घ्या.

व्हॉट्सॲपच्या गटांवर बातम्यांच्या लिंक फिरतात त्यांच्याकडेही जरा बघा. पत्त्यात प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे अक्षरांची लांबलचक शेपटी असते. फेसबुकवरून उचललेल्या लिंकला तर ती असतेच, त्या क्लिकपुरती वेगळी काढलेली. ती लिंक तुम्ही जशीच्या तशी पाठवली की बातमीबरोबर ती खूणही पुढे जाते. प्रश्नचिन्हापासून पुढचं खोडून पाठवा, बातमी तशीच उघडते. नाही उघडली तर परत घाला. आणि फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच वेबसाईट उघडली तर ती त्यांच्याच ब्राउझरमध्ये उघडते. वरच्या तीन ठिपक्यांतून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये न्या आणि मगच काही लिहा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नंबर जातात ते शेतीच्या उताऱ्यापायी. उतारा शोधायला म्हणून माणूस भूमीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या वेबसाईटचं, नाव टाइप करतो, वर येतात त्या भलत्याच वेबसाईट, सरकारी दिसणाऱ्या, आणि पहिल्याच पानावर मोबाईल नंबर मागणाऱ्या. पत्त्याच्या शेवटी "कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन" आहे का एवढं बघा. भूमीचंही तसंच आणि सरकारी दाखल्यांच्या सेवा सिंधूचंही तसंच. नसेल तर मागे फिरा.

व्हीपीएनबद्दल बरेच जण विचारतात. व्हीपीएन तुमची वाट इंटरनेट कंपनीपासून झाकतं आणि व्हीपीएनवाल्याच्या हातात देतं. फुकटचं असेल तर त्याचं पोट कशावर भरतं हे विचारा. भारतात २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नोंद पाच वर्षं ठेवायची आहे, आणि त्यामुळे काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. तुमच्या अडचणीला त्याची गरज नाही. खात्यात लॉगिन केलेलं असेल तर व्हीपीएन लावूनही गूगलला तुम्ही तुम्हीच असता. त्यापेक्षा अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा ते ठरवायची सोय) आहे, अँड्रॉइड ९ पासून पुढे प्रत्येक फोनमध्ये. तिथे जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचा, उदाहरणार्थ ॲडगार्डचा, त्यांनी दिलेला पत्ता लिहिला की ब्राउझरच नव्हे, ॲपमधलेही बरेच ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणारे कोड, अडतात.

जो नंबर गेला त्याचं काय? १९०९ वर "स्टार्ट ०" हा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवा, जाहिरातीच्या फोन आणि मेसेजवर बंदीची नोंद होते. त्या कंपनीला लेखी कळवा की मी संमती मागे घेते आणि माझी माहिती काढून टाका. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, आणि तो दावा लावणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे असं त्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून दीड वर्षाने लागू होणार आहेत, पण पत्र आत्ताच पाठवा आणि त्याची प्रत ठेवा.

आता तुमच्या घरातलं काम, आणि हे घाईने करू नका. सासऱ्यांच्या फोनमधून तुमचं खातं काढायचं आहे, पण थेट काढलंत तर त्यांचे सगळे नंबर गायब होतील, कारण ते तुमच्या खात्यात साठलेले असणार. त्यांच्या भावकीचे, दूध डेअरीचे, डॉक्टरांचे. आधी त्यांच्या नावाचं, त्यांच्याच मोबाईल नंबरवर वेगळं खातं काढा. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन नंबर एक्स्पोर्ट करा आणि नव्या खात्यात घ्या. फोटो बघा. व्हॉट्सॲपचा बॅकअप कुठल्या खात्यावर जातोय ते चॅट बॅकअपमध्ये दिसेल, तो नव्या खात्यावर वळवा आणि एकदा पूर्ण होऊ द्या. मगच जुनं खातं काढा. टीव्हीवरही तुमचं खातं असेल तर तेही. तुमच्या खात्यात "माय ॲड सेंटर" उघडून व्यक्तिगत जाहिराती बंद करा, वेब आणि ॲपच्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जाव्यात असं लावा, आणि दोन्ही फोनमध्ये जाहिरातींचा आयडी (ज्या क्रमांकावरून जाहिरातवाले फोन ओळखतात तो) डिलीट करा. एवढ्याला दुपारचे दोन तास लागतील.

नवीन खात्यात सासऱ्यांचं यूट्यूब कोरं दिसेल. ते ऐकतात त्या कीर्तनकारांची आणि भजनी मंडळांची नावं आधी एका कागदावर लिहून घ्या आणि ती चॅनल नव्या खात्यात सबस्क्राईब करूनच फोन त्यांच्या हातात द्या, म्हणजे संध्याकाळी त्यांचं ऐकायचं काही अडणार नाही.